डाग दडवू नका, दाखवा

(विवाहित स्त्री-पुरुषांसाठी केलेले भाषण – सोनगीर, जि. धुळे)



कुटुंबनियोजनाची बाई गावात आली म्हटले की लोक मनाशी धरूनच चालतात, आता ही तांबी, गोळ्या, निरोध आणि ऑपरेशन यांवरच बोलणार. त्यावर आपण नेहमी बोलतो, पुढेही बोलू. आज मात्र मुले किती आणि केव्हा हा प्रश्न थोडा बाजूला ठेवते. ज्या नाजूक जागेशी या सगळ्या साधनांचा संबंध आहे, त्या जागेच्या कातडीबद्दल आज बोलायचे आहे. विषय लाजेचा वाटेल. पदर तोंडाला लावून ऐका, मान खाली घालून ऐका, पण उठून जाऊ नका. आणि भाऊ लोकांनो, हा बायकांचा विषय आहे असे समजून बाहेर विडी ओढायला निघू नका. तुमचाही त्यात तितकाच भाग आहे.

सोनगीर म्हणजे तांब्या-पितळेच्या भांड्यांचे गाव. तुम्हाला भांड्याचे काय सांगायचे? तांब्याच्या हंड्यावर हिरवट कळंक चढतो. वेळीच चिंच लावून घासला तर हंडा पुन्हा लख्ख. तसाच ओलसर कोपऱ्यात पडू दिला तर कळंक धातू खात जातो, आणि मग चिंचेने भागत नाही. तांबटाकडे नेऊन ठिगळ मारावे लागते. आपल्या नाजूक जागेच्या कातडीचेही असेच आहे. तिथला कॅन्सर एका रात्रीत उभा राहत नाही. त्याच्या आधी कातडीचा वरचा थर बदलू लागतो. पांढरा, लाल किंवा काळपट चट्टा येतो, नाही तर डोळ्यांना काही न दिसता आतल्या पेशी बिघडू लागतात. या पायरीवर तो कॅन्सर नसतो. कॅन्सरच्या आधीची ती अवस्था असते. तिथेच पकडला तर लहानशा उपचारात काम होते.

हा बिघाड कशामुळे होतो? पुष्कळ वेळा एका विषाणूमुळे. त्याला एचपीव्ही म्हणतात. त्याच्या दोनशेहून जास्त जाती आहेत आणि बहुतेक निरुपद्रवी आहेत. काही जातींमुळे साध्या चामखिळी येतात. साधारण चौदा जाती मात्र घातक आहेत, आणि त्यांतही १६ आणि १८ या क्रमांकांच्या दोन जाती सर्वांत वाईट. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के कॅन्सर या दोघींमुळेच होतात. जर्मनीतल्या हाराल्ड त्सूर हाउझेन या शास्त्रज्ञाने १९८३-८४ मध्ये या दोन जाती कॅन्सरच्या गाठीत शोधून काढल्या. त्या कामासाठी त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

विषाणू म्हटल्यावर घाबरू नका. संसार करणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात केव्हा ना केव्हा लागतोच. शरीरसंबंधातून, कातडीला कातडी लागून तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. दहापैकी नऊ जणांच्या अंगातून तो वर्षा-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. त्यांना तो आला कधी नि गेला कधी, कळतही नाही. एखाद्याच्या अंगात मात्र तो मुक्काम ठोकतो. तिथे बिघाड सुरू होतो. पिशवीच्या तोंडावर या बिघाडाचा कॅन्सर व्हायला बहुधा पंधरा-वीस वर्षे लागतात. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, उदाहरणार्थ एचआयव्हीची लागण असून औषध चालू नाही, त्यांच्यात पाच-दहा वर्षांतही होतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला धोका जास्त, कारण धुराने कातडीची झुंजण्याची ताकद कमी होते.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण यावरून घरे मोडू शकतात. बायकोच्या तपासणीत हा विषाणू सापडला, की नवरा विचारतो, "हा आणला कुठून?" नवऱ्याला चामखिळी आल्या, की बायको रडत माहेरी जाते. अहो, हा विषाणू अंगात वर्षानुवर्षे गुपचूप पडून राहू शकतो. लग्नाआधी लागलेला असेल, लग्नाच्या पहिल्या वर्षी लागलेला असेल, आणि दिसेल पंधरा वर्षांनी. कोणाकडून कोणाला लागला हे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. त्यामुळे तपासणीचा कागद हा कोणाच्या चारित्र्याचा दाखला नाही. त्या कागदावरून बाईवर हात उचलणारा पुरुष मूर्ख आहे, एवढेच मी म्हणेन.

आता आधी बाहेरच्या कातडीचे बघू, जी आपल्याला स्वतःला दिसते किंवा हाताला लागते.

बाईच्या बाहेरच्या जागेवर महिनोन् महिने खाज सुटते, साध्या औषधाने जात नाही. लघवी केली की आग होते. हात लावला तर कातडी जाड, खरखरीत किंवा उंचवटा आल्यासारखी वाटते. एखादा चट्टा पांढरा दिसतो, एखादा लाल, एखादा तपकिरी-काळा. भेग पडते, भरून येत नाही. आपल्याकडच्या बाया यावर काय म्हणतात? "बाईन्या जातले हाई चालूच ऱ्हास." नाही हो माय, चालू राहत नाही. महिना उलटूनही न जाणारी खाज आणि न भरणारी भेग डॉक्टरला दाखवायची असते.

पुरुषांचे दुखणे वेगळ्या जागी, पण दडवण्याची रीत तीच. शिश्नाच्या टोकावर, कातडीच्या आत, मखमलीसारखा लाल ओलसर चट्टा येतो. किंवा बारीक तपकिरी-जांभळट पुटकुळ्या येतात. दुखत नाहीत, म्हणून माणूस वर्ष वर्ष काढतो. मित्र सांगतो, "काई नही, उष्णता शे." मग सब्जा पितो, ताक पितो, आणि चट्टा तसाच राहतो. ज्यांची पुढची कातडी मागे सरकतच नाही, त्यांना तर आतले काही दिसतही नाही. अशांनी ती अडचण आधी दाखवावी. कातडी मागे सरकवून रोज साध्या पाण्याने धुणे ही सवय मुलग्यांना आईबापांनीच लावायची.

पण म्हणून प्रत्येक चट्टा म्हणजे विषाणू आणि प्रत्येक चामखीळ म्हणजे कॅन्सरची सुरुवात, असे मुळीच नाही. कोबीच्या फुलासारख्या मऊ चामखिळी बहुधा ६ आणि ११ या जातींमुळे येतात. त्या पसरतात, त्रास देतात, पण त्यांचा सहसा कॅन्सर होत नाही. गजकर्ण असू शकते. कोड असू शकते. कोडात कातडीचा फक्त रंग जातो, ती जाड होत नाही, खाजत नाही. पाळी गेलेल्या बायांना तिथली कातडी पातळ, पांढरी, चुरगळल्या कागदासारखी होण्याचा एक वेगळा आजार होतो. तो विषाणूचा नाही, पण त्यावरही देखरेख लागते. हे सगळे एकमेकांसारखे दिसते. डॉक्टरांचीही नुसत्या नजरेने फसगत होऊ शकते, मग दुकानदाराला कसे कळणार?

दुकानदाराचे मुद्दाम काढले. बाजाराच्या दिवशी भाजीच्या पिशवीत खाजेची ट्यूब येते. बुरशीचे औषध, जंतूचे औषध आणि स्टेरॉइड असे तिन्ही एकात कालवलेले असते. लावली की दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून ती घरात सगळ्यांची होते. सासू लावते, सून लावते, मुलगा लावतो. स्टेरॉइडने खाज दबते, आजार दबत नाही. गजकर्ण पसरते, कातडी पातळ होते, आणि खाली काही वाईट चालू असेल तर त्याची खूण पुसली जाते. तीच गत चामखिळीला घोड्याचा केस बांधण्याची, चुना लावण्याची, ॲसिडचा थेंब सोडण्याची. चामखीळ पडते, जखम चिघळते, आणि तो तुकडा तपासायला मिळाला असता तोही गेला.

डॉक्टर काय करतात? आधी चांगल्या उजेडात नीट बघतात. शंका आली तर जागा बधिर करण्याची सुई देऊन गव्हाच्या दाण्याएवढा तुकडा काढतात आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवतात. यालाच तुकड्याची तपासणी किंवा बायोप्सी म्हणतात. रोगाचे खरे नाव त्यातूनच कळते. "शस्त्र लागलं की कॅन्सर भडकतो," ही समजूत गावोगाव आहे. ती चुकीची आहे. अशा लहान तुकड्याने रोग पसरत नाही. न तपासता बसल्याने मात्र वाढतो.

तपासणीत कॅन्सरच्या आधीची अवस्था निघाली तर चट्टा लहान असेल तेव्हा तेवढा भाग कापून काढतात. काही ठिकाणी लेसरने जाळतात. काही रोग्यांना इमिक्विमॉड नावाचे मलम आठवड्यातून ठरावीक दिवस, काही महिने लावायला देतात. ते शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला त्या चट्ट्यावर सोडते. लावले की जागा लाल होते, झोंबते. लोक घाबरून बंद करतात. बंद करण्याआधी डॉक्टरला विचारा. आणि चट्टा गेला म्हणजे खाते बंद झाले असे नाही. विषाणू आजूबाजूच्या कातडीत राहिलेला असू शकतो, चट्टा परत येऊ शकतो. म्हणून वर्षानुवर्षे ठरलेल्या तारखेला दाखवत राहावे लागते.

इथवर आपल्याला दिसणारे झाले. आता न दिसणारे, आणि आपल्या बायाबापड्यांना ज्याने जास्त मारले ते.

गर्भपिशवीचे तोंड आत असते. तिथला बिघाड दुखत नाही, खाजत नाही, दिसत नाही. दिसू लागते तेव्हा, म्हणजे संबंधानंतर रक्त जाणे, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त येणे, घाण वासाचे पाणी जाणे, तेव्हा पुष्कळदा कॅन्सर झालेला असतो. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख २७ हजार बायांना हा कॅन्सर झाला आणि सुमारे ८० हजार बाया त्याने गेल्या, असा जागतिक अंदाज आहे. ज्या आजाराला तयार व्हायला पंधरा-वीस वर्षे लागतात, त्याने इतक्या बाया जाव्यात याचा मला राग येतो.

याच्यावर मोठे काम आपल्या महाराष्ट्रातच झाले आहे, आणि तेही खेड्यांत. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि कॅन्सरवर संशोधन करणारी एक आंतरराष्ट्रीय संस्था यांनी मिळून १९९९ मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात काम सुरू केले. गावांचे ५२ गट केले. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ धडधाकट बाया त्यात होत्या. तुमच्या-आमच्यासारख्याच, रानात राबणाऱ्या. गावांचे चार भाग पाडले. एका भागातल्या बायांची एचपीव्ही विषाणूची तपासणी झाली, दुसऱ्या भागात पेशींची, तिसऱ्या भागात व्हिनेगर लावून नजरेने. चौथ्या भागातल्या बायांना माहिती दिली, लक्षणे समजावून सांगितली, तपासणी कुठे होते तेही सांगितले. पण तपासणी नेऊन केली नाही. आठ वर्षांनंतर हिशेब केला. विषाणूची तपासणी ज्या भागात ठेवली होती तिथल्या ३४ बाया या कॅन्सरने गेल्या. नुसती माहिती दिलेल्या भागात ६४ गेल्या. दोन्ही भागांत बायांची संख्या साधारण सारखीच होती, तीस हजारांच्या वर. २००९ साली हे जगापुढे आले.

चौथ्या भागातल्या बायांना तपासणीविना ठेवणे बरोबर होते का, यावर पुढे वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण मी या चौसष्टचा विचार वेगळ्या कारणाने करते. त्यांनाही कोणीतरी माझ्यासारखीने माहिती सांगितली होती. त्याही अशाच सतरंजीवर बसून मान डोलावून घरी गेल्या असतील. भाषण ऐकल्याने हा आजार टळत नाही, बायांनो. टेबलावर जाऊन पडावे लागते.

त्या धाराशिवच्या कामात एकदाच केलेल्या व्हिनेगरच्या तपासणीचा मृत्यू कमी होण्यात ठळक फायदा दिसला नव्हता. पण मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून हीच तपासणी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा केली, तेव्हा या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या, नीट शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या. म्हणजे एकदा करून विसरायचे नाही. आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक स्त्रीने दर ५ वर्षांनी तपासणी करावी असे ठरवले आहे.

या तपासणीत काय होते ते सांगते, म्हणजे भीती जाईल. पडद्याआड टेबलावर निजवतात. तांबी बसवताना जसे साधन आत घालून बघतात तसेच बघतात. लोणच्यात घालतात त्या व्हिनेगरच्याच जातीचे सौम्य आम्ल कापसाच्या बोळ्याने पिशवीच्या तोंडाला लावतात आणि एक मिनिट थांबतात. बिघडलेली जागा असेल तर ती तेवढ्यापुरती पांढरी पडते. थोडेसे चुरचुरते, दुसरे काही नाही. सगळे मिळून पाच-दहा मिनिटे. लगेच सांगतात. (घरी व्हिनेगर लावून बघायचे नाही, हे सांगून ठेवते, मागे एकीने विचारले होते.) पाळी चालू नसताना यायचे. दिवस गेलेले असतील तर बाळंतपण होऊन तीन महिने झाल्यावर. पन्नाशीनंतर पिशवीच्या तोंडावरची ती जागा आत सरकते, तेव्हा व्हिनेगरने नीट दिसत नाही. अशा बायांनी धुळ्याला पेशींची किंवा विषाणूची तपासणी होईल का, ते विचारावे.

पेशींची तपासणी काढली त्या पापानिकोलाऊ नावाच्या डॉक्टरची गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत राहून त्याने हे काम केले. वर्षानुवर्षे त्याने आपल्या बायकोच्या पेशी काचेवर घेऊन अभ्यास केला. तीही त्याच्या प्रयोगशाळेत बरोबरीने राबत होती. नवरा-बायकोच्या अशा जोडीतून एवढी मोठी तपासणी जगाला मिळाली, आणि आपल्याकडे नवऱ्याला दवाखान्याच्या बाकावर अर्धा तास बसवत नाही!

जागा पांढरी पडली म्हणजे कॅन्सर झाला असे नाही. सूज असली तरी पांढरी पडते. बिघाड लहान असेल तर तापवलेल्या सळईसारखे एक लहान साधन तिथे टेकवतात. एका मिनिटाच्या आत काम होते. किंवा वायूने ती जागा गोठवतात. पोटात पाळीसारखी कळ येते. भूल नाही, टाका नाही, पिशवीही जागेवर राहते. पुढे मूलबाळ हवे असेल तर त्याची आशा सोडण्याचे कारण नाही. बिघाड मोठा असेल तर तारेच्या फासाने तेवढा भाग काढून तपासायला पाठवतात.

उपचारानंतर काही आठवडे अंगावरून पाणी जाते. ते जाणारच, घाबरू नका. साधारण महिनाभर संबंध टाळायचा असतो. हे भाऊ लोकांना सांगते आहे. बाई घरी जाऊन सांगू शकेलच असे नाही. अगदीच नाही तर निरोध वापरा. ताप आला, पोटात फार दुखू लागले किंवा पाळीपेक्षा जास्त रक्त जाऊ लागले, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता यायचे.

पिशवी जागेवर राहते हे मी जोर देऊन का म्हटले? २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची पाहणी झाली. ८२ हजार ३०९ बायांपैकी १३ हजार ८६१ बायांची गर्भपिशवी काढलेली निघाली. अनेकींना अंगावरून पांढरे जाते एवढ्यावर "कॅन्सर होईल" अशी भीती घातली होती. पाळीच्या दिवसांत मजुरी बुडते, खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. त्यामुळे बाईलाही वाटले, सुटले एकदाची. त्यानंतर तिथे खासगी दवाखान्यांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागू लागली. आपल्या खान्देशातूनही कितीतरी जोड्या कोयता घेऊन जातात, म्हणून हे सांगते. पांढरे जाणे हा बहुतेक वेळा साधा, औषधाने बरा होणारा आजार असतो. कोणी "पिशवी काढा, नाही तर कॅन्सर" म्हणाले, तर तपासणीचा कागद मागा. तुकडा तपासला का, हे विचारा. कागद नसेल तर तिथून उठा आणि सरकारी दवाखान्यात या. कर्ज काढून, दागिना मोडून घाईत ऑपरेशन करू नका.

कुटुंबनियोजनाच्या साधनांवरून पुष्कळ शंका येतात. तांबीने कॅन्सर होत नाही. आपले सोनगीर तांब्याचे गाव, तांब्याला इथे तरी नावे ठेवू नका! नसबंदीने, ती बाईची असो की पुरुषाची, हा विषाणू अडत नाही आणि वाढतही नाही. ऑपरेशन झालेल्या बायांना वाटते आता माझा दवाखान्याशी संबंध संपला. तसे नाही, तपासणी त्यांनाही लागू आहे. गर्भनिरोधक गोळ्या पाच वर्षांहून जास्त काळ घेतल्या तर या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो, बंद केल्यावर पुन्हा कमी होत जातो. म्हणून गोळ्या फेकून देऊ नका, तपासणी चुकवू नका. निरोधने विषाणूपासून पूर्ण नाही, पण बरेच रक्षण होते. तो झाकत नाही त्या कातडीतून लागू शकतो. आणि पोरवयात लग्न, एकामागून एक पाच-सात बाळंतपणे, यांनी धोका वाढतो, हे आता चांगले सिद्ध झाले आहे.

मुलींसाठी लस आहे. ९ ते १४ या वयात, म्हणजे विषाणू लागण्याची वेळ येण्याच्या पुष्कळ आधी, ती द्यायची. बार्शी, पुणे, मुंबई धरून देशात अनेक ठिकाणी मुलींवर झालेल्या अभ्यासात एकाच डोसनेही १६ आणि १८ या जातींपासून टिकाऊ रक्षण मिळाल्याचे दिसले, आणि २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनेनेही या वयाच्या मुलींना एक डोस चालेल असे सांगितले आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२३ मध्ये आपल्या देशात बनवलेली लस बाजारात आणली. लसीने मूल न होण्याचा काही प्रश्न येत नाही. मात्र आधीच झालेला चट्टा लसीने बरा होत नाही, आणि लस घेतलेल्या मुलीलाही तिशीनंतर तपासणी करायचीच असते. तुमच्या मुलीला कधी आणि कुठे मिळेल ते प्राथमिक आरोग्य केंद्रावर विचारा.

आखाजीला मुली माहेरी येतात. झोके घेतात, गाणी म्हणतात, मन मोकळे करतात. सासरी जी गोष्ट सांगता येत नाही ती त्या आईला सांगतात. मायांनो, त्या दिवसांत तिला हळूच विचारा, खाज आहे का, संबंधानंतर रक्त दिसते का. असेल तर पुरणपोळीच्या गडबडीतून एक दिवस काढा आणि तिला घेऊन या.

आधी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर या. तिथे त्या दिवशी सोय नसेल, किंवा चट्ट्याचा तुकडा तपासायचा असेल, तर धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयासाठी चिठ्ठी मागून घ्या. बायांनी स्त्रीरोग विभागात, पुरुषांनी त्वचा व गुप्तरोग विभागात जायचे. खिडकीवर चारचौघांत आजार सांगायची गरज नाही, चिठ्ठी दाखवली की पुरे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर असू द्या. कॅन्सर निघालाच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचाराची सोय आहे, त्या वेळी कागदांसाठी धावपळ नको. तुकडा दिल्यावर कागद यायला काही दिवस लागतात. तो कागद आणायला जाणे लोक विसरतात, आणि घरातल्या पुरुषाने हे काम आपल्या अंगावर घेतले तर फार बरे.

आता आशाताई तिकडे ओट्यावर वही घेऊन बसल्या आहेत. तिशी ओलांडलेल्या बायांनी नाव, वय आणि शेवटच्या पाळीची तारीख तेवढी सांगायची. काय होते आहे ते तिथे सांगावे लागणार नाही, ते आत डॉक्टरांनाच सांगा. ज्या भाऊंना स्वतःचे काही दाखवायचे आहे त्यांनी वहीत नाव देण्याचीही गरज नाही. सकाळच्या वेळी सरळ केंद्रावर यायचे आणि कातडीचे दाखवायचे आहे एवढेच म्हणायचे.